पारंपरिक धनुष्याने मोठ्या जनावराची शिकार: पाउंडेज किती असावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत आणि कॅनडात स्थायिक झालेले, तिथला शिकारीचा परवाना काढलेले आणि बंदूक किंवा कंपाउंड (चाके असलेले आधुनिक धनुष्य) बाजूला ठेवून रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले धनुष्य) अथवा लाँगबो (लांब, साधे धनुष्य) हाती घेऊ पाहणारे मराठी तिरंदाज सर्वांत आधी विचारतात ते एवढेच, की धनुष्य किती पाउंडांचे घ्यावे. त्यांच्याकडून सतत येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे उत्तर अमेरिकेतील जनावरे आणि तिथले नियम डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. पुनरुक्ती टाळण्यासाठी जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पाउंडेज म्हणजे नेमके काय? धनुष्यावर ‘४५ @ २८’ असे लिहिलेले असते त्याचा अर्थ काय?

दोरी पूर्ण ओढून धरताना बोटांवर जो भार येतो, तो पाउंडांत मोजला की धनुष्याचे पाउंडेज मिळते. ‘४५ @ २८’ म्हणजे २८ इंच ओढीला ४५ पाउंड, सुमारे साडेवीस किलो. हे २८ इंच मोजण्याची पद्धत ठरलेली आहे: मुठीच्या सर्वांत खोल भागापासून दोरीपर्यंतचे अंतर घ्यायचे आणि त्यात पावणेदोन इंच मिळवायचे. पारंपरिक धनुष्यात भार शेवटच्या इंचापर्यंत वाढतच जातो आणि नेम धरलेला असतो त्या क्षणी तो सर्वाधिक असतो. कंपाउंडशी त्याचा मूलभूत फरक इथेच आहे (प्रश्न ७ पाहा).

२. माझी ओढ २८ इंच नाही. मग माझ्या हातात प्रत्यक्ष किती पाउंड येतात?

पंचेचाळीस ते पन्नास पाउंडांच्या धनुष्यात एका इंचामागे साधारण अडीच पाउंडांचा फरक पडतो. ‘४५ @ २८’ लिहिलेले धनुष्य २६ इंच ओढणाऱ्याच्या हातात सुमारे ४० पाउंडांचे असते, तर ३० इंच ओढणाऱ्याच्या हातात ते ५० पाउंडांचे होते. धनुष्य आखूड आणि ओढ लांब असेल तर शेवटच्या इंच-दोन इंचांत भार एकदम चढतो आणि दोरीचा कोन तीव्र होऊन बोटे चिमटली जातात. तिथे हा हिशेब लागू पडत नाही.

अंदाजावर न विसंबता मोजून घ्यावे. विमानप्रवासात बॅग तोलायला वापरतात तो हुकाचा वजनकाटा यासाठी पुरतो. आधी एका लांब बाणावर इंचाच्या खुणा करून आपण नेहमीप्रमाणे ओढतो तेव्हा कोणती खूण मुठीपाशी येते, ते दुसऱ्या कोणाला तरी पाहायला सांगावे. नंतर काट्याचा हुक दोरीत अडकवून तेवढीच ओढ घ्यावी आणि काट्यावरचा आकडा वाचावा. दोरी हळूहळू सैल करावी. बाणाशिवाय ती सोडून दिल्यास धनुष्य तडकू शकते. छापील आकडा आणि काट्यावरचा आकडा यांत एक-दोन पाउंडांची तफावत नव्या धनुष्यातही आढळते. यापुढे जिथे जिथे पाउंड म्हटले आहे, तिथे हा काट्यावरचा, स्वतःच्या ओढीचा आकडा समजावा.

३. हे सर्व महाराष्ट्रात करता येईल का?

नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार भारतात वन्य प्राण्यांची हौशी शिकार निषिद्ध आहे, शिकारीचा प्रयत्नही ‘शिकार’ या व्याख्येत येतो आणि कायद्यातील शस्त्रांच्या व्याख्येत धनुष्यबाणाचा स्पष्ट उल्लेख आहे. पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरांसाठी किंवा नीलगायींसाठी दिली जाणारी परवानगी हा प्रशासकीय उपाय आहे. त्यात हौसेला जागा नाही. भारतात पारंपरिक धनुष्य लक्ष्यावर जरूर चालवावे. ब्रिटनमध्येही धनुष्याने हरणाची शिकार करण्यास मनाई आहे, हे तिकडच्या वाचकांनी लक्षात ठेवावे.

४. कायद्याने किमान किती पाउंड लागतात?

प्रत्येक राज्याचा आणि प्रांताचा नियम वेगळा आहे. कोलोरॅडोत किमान मर्यादा ३५ पाउंड आहे. अलास्कात काळे अस्वल, कॅरिबू, डॉल मेंढी आणि काळ्या शेपटीचे हरीण यांच्यासाठी ४० पाउंड, तर मूस, एल्क (दोन्ही मोठ्या जातीची हरणे), पहाडी बकरा, तपकिरी अस्वल, कस्तुरी बैल आणि बायसन यांच्यासाठी ५० पाउंड लागतात. शिवाय बाण फाळासकट (बाणाच्या टोकावरच्या धारदार पात्यासकट) किमान ३०० ग्रेनचा, म्हणजे सुमारे १९ ग्रॅमचा, असावा लागतो. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांत किलोत मोजतो: हरीण व अस्वल यांच्यासाठी १८ किलो, मूस व एल्क यांच्यासाठी २२ किलो, आणि तेही ७०० मिलिमीटरच्या आतल्या ओढीला.

कायद्याची मर्यादा ही खालची मर्यादा आहे, शिफारस नव्हे. ती पार केली म्हणजे ते धनुष्य त्या जनावराला पुरेसे झाले, असे मानू नये. नियम बदलत असल्याने त्या वर्षीची अधिकृत नियमपुस्तिका परवाना काढतानाच वाचावी.

५. कोणत्या जनावराला किती पाउंड?

खालील आकडे माझ्या मताचे आहेत. बाण जड आणि सरळ उडणारा, फाळ वस्तऱ्यासारखा धारदार आणि अंतर वीस यार्डांच्या आत आहे, असे त्यात गृहीत धरले आहे.

व्हाइटटेल हरणाला ४० ते ४५ पाउंड पुरतात. या हरणाची छाती अरुंद असते, बरगड्या पातळ असतात आणि बाजूने सोडलेला बाण फुप्फुसांतून आरपार जायला फार जोर लागत नाही. काळ्या अस्वलाला ४५ ते ५० असावेत. अस्वलाची चरबी आणि दाट केस जखम झाकून टाकतात, रक्ताचा माग जमिनीवर उशिरा उमटतो, म्हणून आत आणि बाहेर अशी दोन छिद्रे पडणे तिथे फार मोलाचे ठरते. एल्कचा नर तीनशे किलोंच्या घरात जातो, त्यामुळे मी ५० च्या खाली जाणार नाही, आणि ५५ व्यवस्थित झेपत असतील तर तेच घ्यावेत. मूस त्याहून कितीतरी मोठा असला, तरी शांत उभा असताना त्याच्या फुप्फुसांचा पट्टाही मोठा मिळतो. ५० ते ५५ पाउंडांवर तो अनेकांनी मिळवला आहे. बायसन आणि तपकिरी अस्वल यांच्यासाठी ६० किंवा अधिक पाउंड सहज ओढणाऱ्यांनीच विचार करावा.

६. मला किती पाउंड ‘झेपतात’ हे कसे ओळखावे?

सर्वाधिक महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, कारण जखमी होऊन निसटलेल्या जनावरांमागे अपुऱ्या पाउंडेजपेक्षा चुकलेला नेम अधिक वेळा असतो, आणि नेम चुकण्याचे नेहमीचे कारण म्हणजे न झेपणारे धनुष्य.

मैदानावर, शरीर गरम असताना, पायांत खांद्याइतके अंतर ठेवून ओढलेले ५५ पाउंड आणि नोव्हेंबरच्या पहाटे मचाणावर तीन तास निश्चल बसून, अंगावर दोन जाकिटे असताना ओढलेले ५५ पाउंड यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जनावर पंधरा यार्डांवर येते, तुमच्याकडे पाहत थबकते, एक पाऊल टाकते. तेवढ्या अवकाशात धनुष्य आकाशाकडे न उचलता, शरीराला झोका न देता, संथपणे सरळ मागे ओढावे लागते. सावज थांबलेच तर ओढ धरून ठेवावी लागते, आणि त्याने तोंड वळवले तर तितक्याच शांतपणे दोरी परत सैल करावी लागते. शेवटची गोष्ट फार थोडे जण सरावात करतात.

म्हणून पुढील चाचणी घरीच करावी. साध्या खुर्चीवर बसावे, दोन्ही पाय जमिनीपासून वर उचलावेत, धनुष्याचा हात नेमाच्या उंचीवर समोर धरावा आणि दोरी संथपणे सरळ मागे ओढावी. हात वर न जाता, श्वास न कोंडता ओढ पूर्ण झाली, पाच-सहा सेकंद थरथर न होता टिकली आणि तितक्याच सावकाश सैल करता आली, तर ते वजन तुमचे आहे. ओढताना खांदा कानाकडे चढत असेल किंवा बोटे गालावरच्या ठरलेल्या जागी पोहोचण्याआधीच दोरी सुटू पाहत असेल, तर धनुष्य जड आहे.

याची दुसरी खूण लक्ष्यावर दिसते. दिवसातला पहिला बाण, शरीर गरम न करता, हिवाळी कपड्यांत, कागदी बशीएवढ्या वर्तुळात दिवसामागून दिवस बसला पाहिजे. तिसाव्या बाणाने काढलेला सुंदर पुंजका शिकारीसाठी काहीच सांगत नाही, कारण रानात पहिलाच बाण मिळतो.

७. मी कंपाउंडवर ७० पाउंड सहज ओढतो. मग ६० पाउंडांची रिकर्व्ह घेऊ का?

घेऊ नये. कंपाउंडच्या चाकांमुळे पूर्ण ओढीला भार ७० ते ८५ टक्क्यांनी कमी होतो, म्हणजे ७० पाउंडांच्या कंपाउंडवर नेम धरताना बोटांवर किंवा रिलीजवर (दोरी सोडण्याच्या यांत्रिक साधनावर) दहा-वीस पाउंडच असतात. रिकर्व्हचे ६० पाउंड तसेच्या तसे बोटांवर येतात, आणि तेही रिलीजशिवाय. सातारा-नागपूरकडच्या मैदानांवर कंपाउंड शिकून परदेशी गेलेल्या तरुणांना हे विशेष सांगावेसे वाटते, कारण त्यांचा पाया उत्तम असतो आणि त्यामुळेच जड धनुष्याचा मोह त्यांना अधिक होतो. आधी ३० ते ३५ पाउंडांवर बोटांची सोडणूक नव्याने शिकावी आणि तिथून वर जावे (प्रश्न १२ पाहा).

८. मी ऑलिंपिक पद्धतीची रिकर्व्ह ४४ पाउंडांवर चालवतो. तेच धनुष्य हरणासाठी चालेल?

धनुष्याचा जोर पुरेसा आहे. अडचण बाणाची आहे. सत्तर मीटरसाठी निवडलेला बारीक, हलका बाण जनावराच्या कामाचा नाही. जड बाण, त्याला जुळणारी स्पाइन (बाणाचा ताठपणा, प्रश्न १३ पाहा) आणि धारदार फाळ घेऊन, साइट (नेम धरण्याचे साधन) व स्टॅबिलायझर (तोल राखणारी दांडी) काढून नेमबाजी नव्याने बसवावी लागेल. सत्तर इंचांपर्यंतच्या लांबीचे ते धनुष्य झाडीत किंवा लपणात वळवणेही जिकिरीचे असते.

९. पाउंडेज जास्त महत्त्वाचे की बाणाचे वजन?

दोन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत. पारंपरिक धनुष्यासाठी प्रत्येक पाउंडामागे १० ग्रेनचा बाण हे चांगले सुरुवातीचे प्रमाण आहे. ८ च्या खाली जाणे बहुतेक धनुष्यांना घातक ठरते. या प्रमाणात ४५ पाउंडांना ४५० ग्रेनचा, म्हणजे सुमारे २९ ग्रॅमचा बाण, आणि ५५ पाउंडांना ५५० ग्रेनचा, म्हणजे साडेपस्तीस ग्रॅमचा बाण येतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. प्रमाण तेच ठेवले तर दोन्ही बाणांचा वेग जवळपास सारखाच राहतो, चांगल्या रिकर्व्हवर सेकंदाला १७० फुटांच्या आसपास. म्हणजे वाढीव दहा पाउंड वेगासाठी खर्च न होता त्याच वेगाने अधिक जड बाण फेकण्यासाठी वापरले जातात. जड बाण जनावराच्या शरीरात आपली गती सहजी गमावत नाही, खोल जातो, आणि पाउंडेज वाढवण्याचा खरा लाभ तोच आहे.

शिकारी बाणांचे अभ्यासक डॉ. एड अॅशबी यांनी आफ्रिकेत जनावरांवर केलेल्या बाणांच्या दीर्घ अभ्यासात जाड हाड फोडण्यासाठी सुमारे ६५० ग्रेनचा टप्पा निर्णायक आढळला, पण बाण न मोडणे आणि तो सरळ उडणे या बाबी त्यांनी वजनाच्याही आधी ठेवल्या. ४५ पाउंडांवर ६५० ग्रेनचा बाण मंद जातो आणि त्याची कमान मोठी होते; पंधरा यार्डांच्या आत मारणाऱ्यांनाच तो उपयोगी पडेल. हरणासाठी तितक्या टोकाला जाण्याची गरज मला वाटत नाही. एल्कसाठी बाण ५५० च्या पुढे न्यावा.

१०. पाउंडेज कमी असेल तर फाळ कोणता निवडावा?

दोन धारांचा, लांबट, टोकापासूनच कापत जाणारा स्थिर फाळ निवडावा. आदळल्यावर उघडणारे यांत्रिक फाळ टाळावेत, कारण उघडण्यातच त्यांची बरीच शक्ती खर्च होते आणि पारंपरिक धनुष्याकडे ती शिल्लक नसते. तीन पात्यांचा फाळ रुंद जखम करतो, पण तो ५० पाउंडांच्या आसपास आणि त्यावरच वापरावा. धार मनगटावरचे केस सहज उतरवण्याइतकी हवी. पाकिटातून काढलेला नवा फाळही बहुधा दगडावर घासावाच लागतो. बोथट फाळ लावलेले ६० पाउंडांचे धनुष्य धारदार फाळाच्या ४५ पाउंडांपुढे कमी पडते.

११. जास्त पाउंड घेतले तर लांबून मारता येईल का?

फारसा फरक पडत नाही. सेकंदाला १७० फूट जाणारा बाण वीस यार्ड कापायला सुमारे ०.३५ सेकंद घेतो, आणि दोरीचा आवाज त्याच्या कितीतरी आधी हरणापर्यंत पोहोचतो. सावध हरीण तेवढ्यात खाली दबून उसळी घेते आणि बाण फुप्फुसांऐवजी पाठीच्या वरच्या भागात बसतो. दहा पाउंडांनी हा वेळ नाममात्रच कमी होतो. टप्पा ठरवायचा तो तुमचा पहिला बाण कुठवर अचूक जातो त्यावरून (प्रश्न ६), आणि बहुतेकांसाठी तो पंधरा ते वीस यार्ड असतो.

१२. जरा जड धनुष्य घेऊन हळूहळू सवय केली तर?

यातून सवय लागते ती चुकांची. जड दोरी धरवत नाही, म्हणून हात नेमावर स्थिरावण्याआधीच बोटे सुटतात. ही खोड एकदा जडली की हलक्या धनुष्यावरही राहते आणि ती मोडायला हंगामच्या हंगाम जातात. शिवाय खांद्याचे स्नायुबंध स्नायूंपेक्षा सावकाश बळकट होतात, त्यामुळे ताकद आल्यासारखी वाटत असतानाच खांदा दुखावतो.

२५ ते ३५ पाउंडांवर सुरुवात करून पाच-पाच पाउंडांनी वर जावे. भुजा, म्हणजे मैदानावर ज्यांना लिम्ब म्हणतात त्या, बदलता येतील असे सुटे होणारे धनुष्य यासाठी सोयीचे असते: रायझर (मुठीचा मधला भाग) तोच राहतो, दर टप्प्याला फक्त भुजा बदलतात आणि जुन्या विकता येतात. आंतरराष्ट्रीय प्रमाणाच्या आयएलएफ भुजांवरचा आकडा बहुधा २५ इंची रायझर गृहीत धरून छापलेला असतो. त्याच भुजा शिकारीच्या आखूड रायझरवर चढवल्या की काही पाउंड वाढतात. त्यामुळे विकत घेण्याआधी दुकानदाराला रायझरची लांबी सांगावी आणि घरी आल्यावर काट्यावर मोजावे.

१३. पाउंडेज वाढवले की जुने बाण चालतील का?

बहुधा नाही. जड धनुष्य तोच बाण अधिक वाकवते. कार्बन बाणावरचा ४०० किंवा ५०० हा आकडा, २८ इंचांवर टेकवलेल्या बाणाच्या मध्यावर १.९४ पाउंडांचे वजन टांगले असता तो इंचाचा किती हजारावा भाग वाकतो ते सांगतो. आकडा लहान तितका बाण ताठ. पाउंडेज बदलल्यावर बाण पिसांशिवाय मारून पाहावा. तो तिरका घुसत असेल तर स्पाइन जुळलेली नाही, आणि तिरका बाण जनावराच्या बरगडीवर आपला अर्धा जोर वाया घालवतो.

१४. पत्नीची ओढ २५ इंच आहे. तिला ‘४५ @ २८’ चालेल का?

तिच्या हातात ते धनुष्य सुमारे ३७ पाउंडांचे होईल. कोलोरॅडोत ते नियमात बसेल, पण ४० ची मर्यादा असलेल्या राज्यात नियमाचे शब्द बारकाईने वाचावे लागतील: काही ठिकाणी ओढीची लांबी दिलेली असते, काही ठिकाणी नुसते ‘पाउंड’ एवढेच. जिथे खुलासा नाही तिथे शिकाऱ्याच्या स्वतःच्या ओढीला मर्यादा पूर्ण व्हावी, असे मानणे सुरक्षित आहे. छापील ४८ च्या धनुष्यात तिच्या ओढीला ४० मिळतील.

आखूड ओढीत आणखी एक उणीव राहते. दोरी बाणाला कमी अंतर ढकलते, म्हणून काट्यावर तेवढेच ४० पाउंड दिसत असले तरी लांब ओढणाऱ्यापेक्षा बाणाला ऊर्जा कमी मिळते. त्याची भरपाई प्रश्न १० मध्ये सांगितलेल्या फाळाने आणि पंधरा यार्डांच्या शिस्तीने करावी. अशा मांडणीने व्हाइटटेल हरीण व्यवस्थित मिळते. एल्क मी सुचवणार नाही.

१५. पूर्वीचे लोक ७५ पाउंडांची धनुष्ये वापरत. आपण इतके खाली का आलो?

सगळेच तसे नव्हते. कॅलिफोर्नियात १९११ साली ओरोव्हिलजवळ आढळलेला, ‘याही’ नावाच्या मूलनिवासी जमातीचा इशी सुमारे ४५ पाउंडांच्या धनुष्याने हरणे मारत असे, कारण जनावराच्या अगदी जवळ जाण्याचे आणि त्याला हाक घालून बोलावण्याचे कसब त्याच्याकडे होते. त्याच्याकडून धनुर्विद्या शिकलेले डॉक्टर सॅक्सटन पोप आणि त्यांचे सोबती आर्थर यंग १९२० साली यलोस्टोनमध्ये ग्रिझली अस्वलांमागे गेले तेव्हा मात्र त्यांच्या हातांत ७५ पाउंडांची आणि त्याहून जड लाकडी धनुष्ये होती. अस्वलासाठी ते समजण्यासारखे आहे. शिवाय त्या काळच्या लाकडी धनुष्यापेक्षा आजची फायबरग्लास-कार्बनची रिकर्व्ह तितक्याच पाउंडांत बाण अधिक वेगाने फेकते.

१६. हाताने घडवलेल्या लाकडी धनुष्याचे पाउंडेज बदलत राहते का?

होय. ओसेज किंवा यू लाकडाचे एकसंध धनुष्य वापराने किंचित वाकलेलेच राहू लागते आणि काही पाउंड गमावते; उन्हाळ्यात किंवा दमट हवेत ते आणखी सैल पडते. मर्यादेच्या काठावरचे असे धनुष्य प्रत्येक हंगामाआधी काट्यावर मोजावे आणि दिवसभर दोरी चढवून ठेवू नये. फायबरग्लासच्या धनुष्यात हा बदल नगण्य असतो.

१७. एल्कचा परवाना हातात आहे, पण खांदा दुखावल्याने आता ३८ पाउंडच ओढता येतात. काय करावे?

कोलोरॅडोत हे कायद्यात बसते, अलास्कात बसत नाही. कायद्यात बसत असले तरी माझा सल्ला एल्कवर बाण न सोडण्याचा आहे. नर तुमच्या दिशेने थोडा जरी तिरका उभा असला तरी खांद्याचे पसरट हाड मध्ये येते, आणि सप्टेंबरच्या माजाच्या दिवसांत, नर हाका घालत फिरतात तेव्हा, तो क्वचितच मनासारखा आडवा उभा राहतो. काही राज्यांत वैद्यकीय कारणासाठी परवाना परत करण्याची किंवा पुढे ढकलण्याची सोय असते, तर काही ठिकाणी अपंगत्वाच्या दाखल्यावर क्रॉसबोची मुभा मिळते; वन्यजीव विभागाला हंगाम सुरू होण्याआधीच लिहून विचारावे, कारण नंतर अर्ज बहुधा स्वीकारले जात नाहीत. खांदा बरा होईपर्यंत सराव ३० च्या भुजांवर करावा आणि ५० वर परतण्याआधी प्रश्न ६ मधली खुर्चीची चाचणी पुन्हा द्यावी.